आत्याविना बारसं

बारशाच्या आदल्या दिवशीच मला ताप भरला. तोही कधी, तर साडीला इस्त्री करून ठेवल्यावर! धाकट्या भावाला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झालेली, आणि मी तिची एकुलती एक आत्या. डोंबिवलीत दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या बाईला असा मान एकदाच मिळतो. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगायचं, कुर्रर्र करायचं आणि पाठीवर बायकांचे धपाटे खायचे. नावही मीच निवडलेलं, कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी दवाखान्यात नर्स आहे. खोकताना तोंडावर रुमाल धरा, हात साबणाने धुवा, फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो म्हणून लस दरवर्षी घ्या, हे दिवसभर माझं चालू असतं. आणि स्वतः? यंदा लस घेतलीच नाही. आज घेऊ, उद्या घेऊ, आपल्याला काय होतंय! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझा मलाच इतका राग आला की काय सांगू.

सकाळी गोळी घेतली, घाम आला, ताप उतरला. चला, सुटले, असं वाटलं. साडी नेसले, गजरा माळला, अंगडं-टोपडं पिशवीत भरलं. दाराला कुलूप लावताना शिंक आली. हाताने तोंड झाकलं, तर तळहात ओला. याच हातावर तिचं डोकं घ्यायचं होतं. गोळीने ताप दबला होता, फ्लू काही गेला नव्हता. दवाखान्यात कुणी असं वागलं असतं तर त्याला मी दारातच झाडलं असतं. आत आले, हात धुतले आणि नळ चालू ठेवून रडले.

ठाण्याला भावाला फोन लावला. तो म्हणाला, ताप नाहीये ना आता, मग मास्क लावून ये, सगळे खोळंबलेत, हवं तर जरा लांब उभी राहा. लांबून कानात नाव कसं सांगणार, कपाळ! मी चिडलेच.

"अरे, बारा दिवसांची आहे ती. तिला तर लससुद्धा देता येत नाही. मी येत नाही."

शेवटी त्याने ऐकलं. मग बाळाच्या मावशीने नाव ठेवायचं ठरलं. तिला फोनवर मी ते हळूच सांगितलं. एकदा खोकल्यात विरलं, म्हणून परत सांगितलं.

फोन बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. आधी पाळण्याचं गाणं ऐकू आलं, मग कुर्रर्र, मग धपाटे. मावशी हसत म्हणाली, हळू गं, पाठ मोडेल माझी. इकडे तापाने माझी पाठ ठणकत होती, आणि तिच्यावर साधा हात फिरवायलाही कुणी नव्हतं.