ओल्या साच्याचा गारवा

घंटा ओतणाऱ्या एका कारागिराकडे मी उभा होतो. मुशीत कासे वितळून लाल झाले होते आणि भाजून निवलेला मातीचा साचा समोर तयार होता. कारागिराच्या बायकोने वाकून साच्यावर गाल टेकवला.

"गार लागतोय. ओतू नका."

"इथं धातू तयार आहे आणि तुला साच्याचे लाड सुचतायत!"

"मग कोपऱ्यातल्या त्या तडकलेल्या, टाकाऊ साच्यात पळीभर ओतून बघा. दोन्ही एकत्रच भाजलेत."

त्याने लांब दांड्याची पळी दुरूनच उपडी केली. कानठळ्या बसवणारा स्फोट झाला. कासे चहूकडे उसळले आणि साच्याची एक ठिकरी छपराचा गंजलेला पत्रा भेदून आकाशात गेली.

साचा पुरता भाजला नव्हता, त्याच्या मातीत ओल उरली होती. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. त्यांतला एकेक सुटून जातो, तेव्हा जाताना तो थोडी उष्णता घेऊन जातो. बाईच्या गालाला लागलेला गारवा तो हाच. परंतु तापलेला धातू अंगावर कोसळला, की सारे एकाच क्षणी सुटतात. वाफ झालेल्या त्या रेणूंना हजाराहून अधिक पट जागा लागते, आणि आडवे येईल ते फाडून ते ती मिळवतात. मग ती माती असो, वा माणसाचा चेहरा.

घंटा ओतताना कारागिराला साच्यावर ओणवे व्हावे लागले असते. पत्र्याच्या भोकाकडे पाहत तो हलक्या आवाजात म्हणाला, "शेण्या आण. पुन्हा भाजू."

"आणते. आधी तो धोतराचा सोगा विझवा."