गुरुवारची सभा आणि आमचे व्याही

मी समाजसेवक आहे. दर गुरुवारी, संध्याकाळी साडेसहा ते आठ. (नंतर अल्पोपाहार.)

सदाशिव पेठेतल्या एका हॉलमध्ये आमच्या क्लबची साप्ताहिक सभा भरते आणि तिथे गेली एकवीस वर्षं माझी हजेरी शंभर टक्के आहे. त्यातून समाजाचं काय भलं झालं ते समाजालाच विचारावं लागेल, पण हजेरीत खंड नाही! सासऱ्यांचं ऑपरेशन चालू होतं तेव्हाही मी सभेत 'रुग्णसेवा' या विषयावरच्या वक्त्यांचे आभार मानत होतो. (बायकोनं ते अजून माफ केलेलं नाही. सासऱ्यांनीही नाही. ते ठणठणीत आहेत.)

त्यामुळे "निनादच्या आईबाबांना गुरुवारीच वेळ आहे," असं आमच्या सईनं सांगितलं तेव्हा पेच पडला. मुलांचं आपापसात ठरलेलंच होतं. राहिली होती फक्त व्याह्यांची पहिली भेट.

"मग त्यांना सभेलाच बोलावू! आपल्या कार्याची ओळख होईल," मी म्हणालो.

"अहो, पोरीचं लग्न ठरवायचंय की तुमचा वार्षिक अहवाल वाचायचाय?" बायको म्हणाली.

सई मात्र गंभीर होती. "बाबा, निनादचे बाबा फार मानी आहेत. पहिल्याच भेटीत ते दुखावले तर लग्न मोडेल. प्लीज, काही घोळ घालू नकोस."

"मी? अगं, मी सेक्रेटरी आहे क्लबचा!"

यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आमच्याकडे याला सविस्तर उत्तर म्हणतात.

मी होणाऱ्या व्याह्यांना, म्हणजे जगतापांना, फोन केला. "दारात फक्त म्हणा, सेक्रेटरींनी बोलावलंय. पुढचं आमची माणसं बघतील." आता नेमकं त्याच गुरुवारी ब्लँकेटवाटप होतं. (मे महिना होता. ठराव डिसेंबरात मांडला होता, पण आमच्याकडे चर्चा सखोल होते!) एका गरजू जोडप्याला बोलवायचं होतं. त्यांनाही मी फोन केला. "दारात फक्त म्हणा, सेक्रेटरींनी बोलावलंय."

जगताप पती-पत्नी वारज्याहून वेळेवर आले. मार्केट यार्डात त्यांचा कांदा-बटाट्याचा भलामोठा गाळा, पण अंगात साधा पांढरा सदरा आणि पायजमा. निनाद गाडी लावायला जागा शोधत गेला, म्हणजे तासभर तरी त्याची काळजी नव्हती. सई आणि तिची आई रिक्षात अडकलेल्या. दारावर आमचे गोडबोले होते. त्यांनी पायजमा पाहिला, 'सेक्रेटरींनी बोलावलंय' ऐकलं आणि अत्यंत मायेनं म्हणाले, "या, या! मागच्या बाकावर बसा. बोलावलं की स्टेजवर यायचं."

खरं गरजू जोडपं इस्त्रीच्या कपड्यांत आलं होतं. त्यांना पहिल्या रांगेत बसवून गार पन्हं देण्यात आलं.

मी माईकवर कागद वाचत उभा होतो. वाचताना मी कधीच मान वर करत नाही. समोरची माणसं झोपलेली बघवत नाहीत! तेवढ्यात अध्यक्षांनी जगतापांना स्टेजवर घेतलं आणि दोघांच्या अंगावर ब्लँकेटं पांघरली. जगतापांना वाटलं, व्याही म्हणून सत्कार चाललाय. शाल जरा जाड होती, इतकंच. ते प्रसन्न हसले.

"काका, हसू नका हो," फोटो काढणारे सभासद ओरडले. "जरा गरजू दिसा!"

आणि त्याच क्षणी मी खणखणीत आवाजात वाचलं, "या उभयतांना दोन वेळच्या जेवणाची भ्रांत आहे. एक मुलगा आहे, पण तो असून नसल्यासारखा!"

"कुणाचा मुलगा?" माझ्या कानाशी एका बाईंचा आवाज आला.

मी एकवीस वर्षांत पहिल्यांदा मान वर केली. सईनं मोबाइलवर पन्नासदा दाखवलेला तिच्या सासूबाईंचा चेहरा ब्लँकेटातून माझ्याकडे घामाघूम होऊन बघत होता. दारात बायको, सई आणि मागे असून नसलेला निनाद! सईचे डोळे भरून आले होते. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी स्वतःची मनापासून लाज वाटली.

"अहो, हे लाभार्थी नाहीत, माझे व्याही आहेत!" मी माईकवरच ओरडलो. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. (वाक्य संपलं की आमच्याकडे वाजवतात.) मी जगतापांपुढे हात जोडले. "चूक सगळी माझी आहे. पोरीवर राग काढू नका."

जगतापांनी ब्लँकेट काढलं, त्याची नीट घडी घातली, ती माझ्या हातात दिली आणि माईक स्वतःकडे ओढला.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," ते शांतपणे म्हणाले. "फक्त मुहूर्त जवळचा काढा. तिला या माणसाच्या घरातून लवकरात लवकर सोडवणं, ही आम्ही समाजसेवा समजतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात पहिली टाळी, ब्लँकेट काखेत धरून, सवयीनं मीच वाजवली होती.