फितुराला हवा नाही

चंद्रावरच्या युद्धाचं नाटक लिहिताना मी फितूर सेनापतीला फितुरीच्या बदल्यात सोन्याच्या विटा दिल्या. पहिल्याच तालमीत सोपानभाऊंनी कागद मांडीवर ठेवले. "चंद्रावर सोनं घिऊन कुठल्या सराफाकडं जायचा त्यो?"

सोपानभाऊ पुनावळ्याचे. आमच्या चिंचवडच्या कारखान्यात भट्टीवर होते. मी त्याच खात्यात माल तपासायचो. कुणाचीही निंदा सुरू झाली की त्यांचा हात वर व्हायचा, "त्याचं बी काय म्हननं हाय, ऐका की!" कीर्तनात बुवा रावणावर घसरले, तेव्हाही मागून हेच. म्हणून तर खलनायक मी त्यांना दिला. नायक अर्थातच माझ्याकडे.

पगारवाढीच्या भांडणात कंपनीला टाळं लागून तीन महिने होत आले होते. लोकांचा धीर टिकावा म्हणून युनियनने नाटक करायला सांगितलेलं. काचेच्या घुमटाखालचं शहर, बाहेर शत्रूचा वेढा, आतली हवा संपत आलेली, आणि सेनापती गुपचूप दरवाजा उघडतो.

"पोरं निळी पडाय लागली म्हनून उघडला, असं लिवा," सोपानभाऊ म्हणाले. "घुमट फुटायच्या आदी मानूस फुटल्याला बरा."

मी तसंच लिहिलं. प्रयोगात ते हे बोलले आणि मैदानातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझी गाळण उडाली. ऐन लढ्यात फितुरासाठी रडणं! युनियन माझंच नाटक करील! मग उभ्या उभ्या वाक्य रचलं, "फितुराला हवा नाही!" आणि त्यांना घुमटाबाहेर ढकललं. टाळ्या अशा पडल्या की परत आत ओढून पुन्हा ढकललं.

पुढे वस्तीत चुली दिवसाआड पेटू लागल्या. आमच्या चाळीतल्या एका कामगाराने विष घेतलं. त्याला दवाखान्यात पोचवून सोपानभाऊ युनियनला न विचारता थेट मॅनेजरकडे गेले, जुन्याच पगारावर सही केली आणि दहा-बारा जणांना घेऊन कामावर हजर झाले. लढा मोडला. आठवड्याभरात आम्ही सगळे त्याच पगारावर त्याच गेटातून आत गेलो. घरी भाकरी, तोंडात सोपानभाऊंना शिवी.

गेटवर खडूने माझं वाक्य लिहिलेलं दिसलं. खोटं कशाला बोलू, लेखक म्हणून छाती फुगली. मग कुणीतरी त्याचा शब्दशः अर्थ लावला. सोपानभाऊ भट्टीसमोर उभे राहिले की त्यांच्या जागेवरचा पंखा बंद. तोही वैशाखात. सदरा अंगाला चिकटलेला, ओठ पांढरेफटक. कुणी हसायचं, कुणी मान वळवायचं. एकदा ते भोवळ येऊन कोसळले. तोंडावर पाणी मारलं तेव्हा पुटपुटले, "पोरांचं बी म्हननं खोटं न्हाई. इचारून जाया पायजे हुतं."

महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी मी त्यांना गेटबाहेर गाठलं.

"सोपानभाऊ, ते वाक्य माझं. मला माफ करा."

त्यांनी जेवणाचा डबा या हातातून त्या हातात घेतला.

"वाक्याचं काय घिऊन बसलाय, राव? पंख्याचं बटन तुमच्याच टेबलामागं हुतं."