गच्चीवरचा खांब

३० एप्रिल. गच्चीवर मी नाचणीचे पापड वाळत घालत होते. पलीकडे आमचे भाडेकरू त्यांनी रोवलेल्या खांबावरून त्यांचा अँटेना सोडवत होते.

सूर्यास्तानंतर आयनांबरात, म्हणजे आभाळाच्या पार वरच्या थरात, खळबळ होते. उपग्रहांचे सिग्नल अडखळतात आणि मोबाइलवरची जागा चुकते. कुठल्या संध्याकाळी असं होईल, याचं गणित मांडायला ते जव्हारला राहिले होते.

ठाम बोलणं त्यांना जमत नसे. भाकरी वाढू का विचारलं, तरी "शक्यता आहे, वहिनी." एकदा कावळे चोच मारतात म्हणून मी अँटेनावर स्टीलचं पातेलं पालथं घातलं. चिडले नाहीत. "काल आभाळाऐवजी तुमचं पातेलं मोजलं," एवढंच म्हणाले.

"परत याल?" मी विचारलं.

"सप्टेंबरात सिग्नल पुन्हा बिघडतील. शक्यता चांगली आहे."

"सिग्नलचं नाही, तुमचं विचारते."

अँटेना पेटीत ठेवून ते जिन्यापाशी थांबले. "खांब काढू नका, वहिनी." त्यात शक्यता नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपड्यांच्या दोरीला तो खांब अगदी सोयीचा होता. मी दोरी लांबच्या कठड्याला बांधली.