वाळवीच्या पोटातली भावकी

दत्ता सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सात रस्ता चौकात रिक्षातून उतरत होते. त्यांच्या पत्नी शोभाताई एवढंच म्हणाल्या, "म्याडम, सर गेले..." खोटं कशाला बोलू, रडू यायच्या आधी मनात आलं की आता सांगायचं राहूनच गेलं.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. सर जेऊरच्या शेतकरी घरातले. सुट्टीत गावी गेले की बांधावरच्या वारुळातली वाळवी डबीत भरून आणायचे, तिच्या पोटातले जिवाणू वाढवायचे आणि त्यांची गटवारी करत बसायचे. म्हणायचे, "दिसायला समदे सारखेच की. पण जनुकं ताडून बघितली, की कोण कुणाच्या भावकीतला ते कळतंय."

त्यातले दोन जिवाणू कुठल्याच गटात बसेनात. हा नवाच गट आहे, असा शोधनिबंध त्यांनी लिहिला आणि धाडण्याआधी मला तपासायला दिला. मी सांगितलं, "सर, हे ओळखीचेच आहेत. तुमच्या नमुन्यात बाहेरचं काहीतरी मिसळलंय." त्यांनी वाद घातला नाही. निबंध बाजूला ठेवला. कुणी विचारलं तर हसून म्हणायचे, "म्याडमनी बघितलंय. चुकलं आमचं."

चूक माझी होती. तीन वर्षांनी जुन्या फाइली आवरताना दिसलं, मी भलत्याच नमुन्याची जनुकं ताडून बघितली होती. आज सांगू, उद्या सांगू... तोवर सर आजारी पडले. कुंभारी गावातल्या त्यांच्या घरी मी सांगायचं ठरवूनच गेले होते. विषय त्यांनीच काढला. "म्याडम, ते दोन अजून येगळेच वाटतेत बघा." मी म्हणाले, "बरे व्हा, मग बघू."

दिवसकार्य झाल्यावर शोभाताईंना सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "त्यांना सांगितलं असतं तर लई बरं वाटलं असतं की." आणि आत निघून गेल्या.

मी पुन्हा नीट तुलना केली. सरांचंच खरं होतं. निबंध आता त्यांच्या एकट्याच्या नावानं जातोय, माझ्या चुकीच्या कबुलीसकट. त्या तुलनेसाठी प्रयोगशाळेतला डीप फ्रीझर उघडला, तर त्या दोन नळ्या वेगळ्या डबीत जपून ठेवलेल्या. सोबत एक कागद. दरवर्षी सर ते जिवाणू वाढवून बघत होते आणि वर्षापुढे एकच शब्द लिहीत होते... "जिवंत." यंदाची ओळ कोरी होती. मी दोन्ही वाढवले. तिसऱ्या दिवशी काचेच्या बशीत जिवाणूंचे पांढरे ठिपके उठले. पेन हातात घेतलं, पण त्यांच्या अक्षराखाली तो शब्द लिहायला हात धजला नाही.