लाल रंगाचा आवाज

वनजाक्षी चिक्कम्मा म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. तिला दिसत नाही. म्हैसूरच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत बसून ती वेबसाइटी तपासते: न दिसणाऱ्या माणसाला त्या वापरता येतात का ते. तिचा संगणक पडद्यावरचं सगळं इतकं भरभर वाचून दाखवतो, की पाहुण्यांना वाटतं घरात भांडण लागलंय. मला त्याची हुबेहूब नक्कल जमते. "मुख्यपान-संपर्क-बटण-बटण-बटण." बटणाला नाव दिलेलं नसलं की तो नुसतंच "बटण" म्हणतो. चिक्कम्मा म्हणते, "आहेस रे बाबा, पण कशाचं?"

सोमवारी प्रज्वल आला. डी.एड.च्या प्रवेशअर्जाची वेबसाइट त्याने बनवली होती, मंगळवारी खुली व्हायची होती. चिक्कम्माने 'चालेल' एवढं लिहून द्यायचं होतं.

"अक्का, तपासणीच्या यंत्राने शंभरपैकी शंभर दिलेत. तुम्ही फक्त हो म्हणा. आमचे साहेब फोनवर फोन करतायत."

"मग त्यांनाही कॉफी पाठवू का?" म्हणत तिने अर्ज भरायला घेतला. आडनावाचा रकाना सोडून दिला. आमच्या म्हैसूरकडे आडनाव असतं कुणाला? मग 'पाठवा' दाबलं. संगणक गप्प.

"गेला का रे?"

"नाही अक्का. आडनावाचा रकाना लाल झालाय."

"लाल? मला नाही ऐकू आला."

प्रज्वल चुळबुळला. "ते भरावंच लागतं."

"तुझं आडनाव काय?"

"मी... नुसता के. प्रज्वल."

"मग तपासताना काय भरलंस?"

"अबक."

मी खो खो हसले. चिक्कम्मा हसली नाही. बारा वर्षांपूर्वी असाच अर्ज तिने भरला होता. संगणक गप्प राहिला, म्हणजे गेला असेल, असं धरून ती महिनाभर पत्राची वाट बघत बसली. अर्ज गेलाच नव्हता. शाळेत बाई व्हायचं तिचं तिथेच राहिलं. हे तिने प्रज्वलला सांगितलं नाही.

"नाही चालत," एवढंच म्हणाली.

"साहेब तुम्हाला परत काम देणार नाहीत, अक्का."

"नको देऊ देत." तिने खांद्यावरचा टॉवेल त्याच्या लॅपटॉपच्या पडद्यावर टाकला. "आता तू भर."

दोनदा कॉफी निवली. चाचपडून चाचपडून त्याला घाम फुटला, मग टॉवेल काढून तो मुकाट कामाला लागला. संध्याकाळी आडनावाची सक्ती गेलेली होती. चिक्कम्माने पुन्हा अर्ज भरला, मुद्दाम जन्मतारीख गाळून. "जन्मतारीख राहिली," संगणक लगेच बोलला. तिने ती भरली.

"अर्ज पोहोचला."

तिचे हात कळांवर तसेच राहिले. "परत ऐकव."

प्रज्वल पुढे सरसावला.

"तू नव्हे. ही."

मी संगणकाच्याच सुरात म्हटलं, "अर्ज पोहोचला."

मग तिने 'चालेल' लिहिलं.