डोळ्यानं बघितलंस?

आमच्या आक्का फोनवर निरोप पाठवायच्या तो ओरडून. टाइप करता यायचं त्यांना, पण पटायचं नाही. बटण दाबून धरायच्या, मान वर करायच्या आणि बांधावरून हाक मारावी तसा आवाज लावायच्या, "हॅलोऽऽ! आक्का बोलतीया! उद्या पानी सकाळचंच येनार हाय, पिंपं भरून ठेवा!" मी त्यांच्या समोरच्याच खोलीत राहायचो. निरोप आधी खिडकीतून ऐकू यायचा आणि मग फोनवर. सगळ्या पुनावळ्यात एकच निरोप दोनदा मिळणारे भाडेकरू आम्हीच असू.

आक्का इथल्या मूळच्या. त्यांच्या शेतांवर आता उंच उंच सोसायट्या उभ्या आहेत. गावठाणाच्या कडेला उरलेल्या तुकड्यावर त्यांनी दुमजली चाळ बांधली आणि आमच्यासारख्या बाहेरगावच्यांना खोल्या दिल्या. मी परभणीकडचा, शेजारी कोकणातले, वरच्या मजल्यावर बीडचे. सगळे चाकण-तळवड्याच्या कंपन्यांत कामाला. चाळीचा फोनवर एक ग्रुप होता आणि त्याच्या अ‍ॅडमिन अर्थातच आक्का. आता तुम्हाला वाटेल, जुन्या वळणाची बाई, फोनला नावं ठेवत असेल. छे हो! भाजी निवडताना मांडीवर रील चालू असायचं. म्हशीला रेडकू झालं तर ते स्टेटसला. लेकीला व्हिडिओ कॉल लावून "त्या डाळीत अजून पानी घाल" म्हणून इथून हुकूम सोडायच्या.

खोड म्हणाल तर एकच. कुणी फोन नाचवत आलं, "आक्का, कळलं का?" म्हणालं, की त्या हातातलं काम न थांबवता विचारायच्या, "डोळ्यानं बघितलंस?"

"नाही, ग्रुपवर आलंय."

"मग ते अजून झालं न्हाई."

झालं! विषय संपला. मीठ मिळायचं बंद होणार अशी आवई उठली तेव्हा अख्ख्या चाळीनं मिठाच्या पिशव्या आणून रचल्या. आक्का वाण्याच्या दुकानात गेल्या, मागच्या खोलीत डोकावल्या आणि हात हलवत परत आल्या. "त्याच्याकडं मिठाची थप्पी छताला लागलीया. तुमी खावा खारट." आमच्याकडे त्या मिठाच्या पिशव्यांना पुढे कितीतरी दिवस पाणी सुटत होतं. आम्ही त्यांच्या या बोलण्याला हसायचो. महेश तर त्यांची नक्कल करायचा. हा महेश वरच्या मजल्यावरचा, फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करणारा. वाढदिवस असो की निवड, मजकूर त्याला तोंडपाठ. पोरगा मनानं चांगला, पण अंगठा फार चपळ.

त्या दिवशी मी पहिल्या शिफ्टला गेलो होतो. आमच्या कंपनीत लाइनवर फोन चालत नाही, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. आत गेलो की आम्ही जगाला नसल्यासारखेच. सकाळी चाकणच्या चौकाजवळ कंटेनरखाली एक मोटारसायकल गेली. कुणीतरी थांबून व्हिडिओ काढला. रस्त्यात पडलेल्या माणसाच्या अंगावर आमच्याच कंपनीचा निळा शर्ट होता, आणि व्हिडिओखाली नाव आलं होतं: दत्ता जाधव.

माझं नाव दत्ता जाधव.

व्हिडिओ फिरत फिरत महेशच्या फोनवर आला. त्यानं मला फोन लावला, तो लॉकरमध्ये वाजून गेला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग त्या पोरानं रडत रडत, खरंच रडत, माझ्या मुलीच्या जावळातला माझा फोटो घेतला, बाजूला हलणारी समई लावली आणि वर लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. मग काय विचारता! हात जोडलेल्यांची रांग लागली. गाडी लावण्यावरून माझ्याशी उभा दावा असलेल्या माणसानं लिहिलं, "देवमाणूस गेला." कुणी लिहिलं, "सदैव हसतमुख." माझी बायको सांगेल तुम्हाला मी किती हसतमुख आहे ते. आज वाचताना हसू येतं. पण त्या बायकोनं, रेखानं, ते सगळं जिन्याच्या पायरीवर बसून वाचलं होतं, मुलीला मांडीवर घेऊन.

चाळीतल्या बायका धावल्या. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, जे रीतीनं करतात तेच त्या करत होत्या. मरण झालेल्या घरात चूल पेटत नाही, म्हणून एकीनं आत जाऊन गॅस बंद केला. वरण अर्धंकच्चं राहिलं. एक म्हातारी रेखाच्या कपाळाकडे हात नेत होती.

तेवढ्यात आक्का आल्या. आल्या आल्या त्यांनी त्या म्हातारीचा हात धरला.

"कुनी बघितला दत्ताला मेलेला?"

महेशनं फोन पुढे केला. "आक्का, शर्ट बघा ना. नाव बघा."

"शर्ट बघितलास. नाव बघितलंस. त्वांड बघितलंस का रं?"

व्हिडिओत चेहरा दिसतच नव्हता. आक्का आत गेल्या, गॅस पेटवला, त्यावर तवा ठेवला आणि रेखाला उठवून ओट्यापाशी उभं केलं. "भाकरी थाप. मी बघून येत न्हाई तवर ही चूल विझायची न्हाई. पीठ संपलं तर माझ्या डब्यातलं घे." मग ग्रुपवर अ‍ॅडमिनशिवाय कुणाला लिहिता येणार नाही अशी सोय केली आणि बटण दाबून ओरडल्या, "आक्का बोलतीया! मी चाकनला चाललीया. तवर कुनी बी रडायचं न्हाई!" रडायला बंदी घालणारी अ‍ॅडमिन तुम्ही कधी पाहिली आहे? आमची होती.

मला कामाला लावणाऱ्या ठेकेदाराचा फोन लागत नव्हता. आक्कांचा मुलगा विलास त्यांना गाडीत घालून निघाला. चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे गाड्यांचा चिखल झालेला, त्यात सकाळचा अपघात. आक्का गाडीतून उतरल्या, पदर खोचला आणि कंटेनरांच्या मधून चालत सुटल्या. गेटवरच्या पहारेकऱ्यानं अडवलं. लाइनवरच्या माणसाला शिफ्ट सुटेपर्यंत बाहेर सोडता येत नाही, साहेबांची परवानगी लागते, असं तो म्हणाला.

"मेलेल्या मानसाला परवानगी लागती व्हय रं?" आक्का म्हणाल्या. "तो तिकडं घरी मेलाय. हितं जित्ता असंल तर दाखीव."

त्या पहारेकऱ्यानं हे पुढे अनेकांना सांगितलं म्हणे. मला बोलावणं आलं तेव्हा मला वाटलं, गावी आईला काही झालं. कानातले बोळे काढत मी धावत बाहेर आलो. आक्का उभ्या होत्या. जवळ आल्या आणि माझ्या दंडाला असा करकचून चिमटा काढला की मी "आई गं!" म्हणून ओरडलो.

आणि मग ती बाई, जिला मी कधी पाण्याच्या भांडणातही हरलेली पाहिली नव्हती, मटकन फुटपाथवर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. "मला ठावं न्हवतं रं," त्या म्हणाल्या, "तू हायेस का न्हाईस, मला कुटं ठावं व्हतं!"

हे मला आजही सगळ्यात मोठं वाटतं. आम्ही समजत होतो आक्कांना खात्री होती. खात्री बिलकूल नव्हती. बघितल्याशिवाय एखाद्या बाईचं कुंकू पुसू द्यायचं नाही एवढंच त्यांना पक्कं होतं, आणि ते बघायला जाण्याची छाती त्यांच्याकडे होती. प्रेत बघावं लागलं असतं तर तेही त्यांनीच बघितलं असतं.

मी लॉकरमधून फोन काढून रेखाला लावला. "अगं, मी बोलतोय, मला काही झालं नाही." पलीकडून नुसता तव्यावर उलथन्याचा आवाज. मग ती म्हणाली, "हल्ली आवाजसुद्धा खोटे काढतात म्हणे," आणि फोन ठेवला. आक्कांनी डोळे पुसले. "बराबर हाय तिचं. फोनावर मेलास, आता फोनावर जित्ता हून भागायचं न्हाई. चल घरी."

साहेबांनी सोडलं. घरी पोचलो तर चाळभर माणसं, आणि आमच्या ओट्यावर भाकऱ्यांची ही उतरंड! पीठ संपलं तशी शेजारणींनी आपापले डबे रिकामे केले होते, चूल काही विझू दिली नव्हती. रेखानं वळून माझ्याकडे पाहिलं. पिठाच्या हातांनी माझा चेहरा चाचपला, दोन्ही गाल पांढरे केले आणि म्हणाली, "हातपाय धुवा. जेवायला वाढते." मग मात्र माझा धीर सुटला.

महेश फटाक्यांचं चित्र बनवायला बसला होता, 'आमचे दत्ताभाऊ सुखरूप'. आक्कांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "आरं, निळ्या शर्टातला कुनीतरी गेलाय नव्हं? त्याच्या आईला काय वाटंल?"

खरंच, आम्ही सगळे ते विसरलोच होतो. तो दुसरा दत्ता जाधव आमच्याच कंपनीत दुसऱ्या प्लांटवर होता, तळवड्याला भावाबरोबर खोली घेऊन राहायचा. दुसऱ्या दिवशी पिठलं-भाकरी बांधून आक्का निघाल्या. आमच्याकडे मयताच्या घरी शेजारीपाजारी पहिलं अन्न नेतात, त्याला कडू घास म्हणतात. इथं त्या दोघा भावांना शेजार असा नव्हताच. माझा पाय निघत नव्हता. जिवंत राहिल्याची लाज वाटते, ती अशी. आक्का म्हणाल्या, "तूच पायजेस." त्याची आई गावाहून आलेली, भिंतीला टेकून बसली होती. आक्का तिच्याजवळ टेकल्या आणि मला पुढे ओढलं. "ह्यो बी दत्ता जाधवच हाय. तुमच्या दत्तासाठी आमची चाळ काल रडली. कुनी त्याला वळखत न्हवतं, तरी रडली." त्या माउलीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या हातचा घास खाल्ला. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिला मी अजून फोन करतो, आणि दिवाळीला जाऊन भेटतो.

तेव्हापासून आमच्या चाळीत रीत पडली. मरणाची बातमी ग्रुपवर टाकायची नाही. ज्यानं बघितलं त्यानं दारोदार जाऊन सांगायची. नवा भाडेकरू आला की महेशच त्याला दरडावून हे सांगतो. आजूबाजूच्या सोसायट्यांतले लोक आम्हाला हसतात. हसोत बापडे. ते एकाच मजल्यावर राहून एकमेकांना फोनवर हात जोडतात. मी छाती पुढे काढून सांगतो, मी आक्कांच्या चाळीतला.

गेल्या हिवाळ्यात आक्का गेल्या. दवाखान्यात मी आणि विलास दोघंच होतो. विलासला बोलवेना. फोन माझ्या हातात होता. एका मिनिटात चाळीला, भावकीला, सगळ्या गावाला कळलं असतं. मी फोन खिशात घातला आणि पुनावळ्याला आलो.

पहिल्या दारापासून सुरुवात केली. रेखानं ऐकलं, तोंडाला पदर लावला आणि विलासच्या घरी न्यायला म्हणून पीठ मळायला घेतलं. एकेक दार करत मी वरच्या मजल्यावर पोचलो. महेशनं दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. तरी चौकट घट्ट धरून, मान खाली घालून त्यानं विचारलं,

"डोळ्यानं बघितलंस?"

मी म्हणालो, "व्हय."